गंभीर प्रश्न इंग्रजीत लिहिताना

स्पर्धा परीक्षेचा निबंध असो, परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशासाठीचं निवेदन असो, संस्थेनं देणगीदारांना पाठवायचा प्रस्ताव असो की गावच्या पाण्याबद्दल दिल्लीच्या कार्यालयाला लिहायचं पत्र असो, गंभीर प्रश्न इंग्रजीत मांडायची वेळ आपल्यातल्या अनेकांवर येते. अशा वेळी हात आधी तयार वाक्प्रचारांकडे जातो. 'बर्निंग इश्यू', 'ॲट ॲन अलार्मिंग रेट', 'नीड ऑफ द अवर', 'टिप ऑफ द आइसबर्ग'. शिकवणीच्या वह्यांत यांच्या याद्या असतात. मुलं त्या पाठ करतात आणि कोणताही विषय आला तरी तेच शब्द पुन्हा उतरवतात. मग कुपोषण, वाहतूक कोंडी आणि मोबाइलचं व्यसन हे तिन्ही विषय एकाच आवाजात बोलू लागतात, आणि कुपोषणावर त्यात मोठा अन्याय होतो.

वाक्प्रचार टाळा, असं मी सांगणार नाही. गंभीर गोष्टी नेमकेपणानं सांगणारे कितीतरी उत्तम शब्दसमूह इंग्रजीत आहेत आणि ते आपल्याला यायलाच हवेत. फक्त एक ध्यानात ठेवावं: असा प्रत्येक शब्दसमूह हा एक दावा असतो. 'ॲट ॲन अलार्मिंग रेट' लिहिलंत म्हणजे तुम्ही तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या. ही गोष्ट वाढते आहे, वेगानं वाढते आहे, आणि तो वेग धोक्याचा आहे. पुढच्या एक-दोन वाक्यांत याला आधार मिळाला नाही, तर वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो.

एक उदाहरण घेऊ. मराठवाड्यातल्या पाणीटंचाईवर निबंध आहे आणि पहिलं वाक्य असं आहे: 'वॉटर स्केअर्सिटी इज अ बर्निंग प्रॉब्लेम इन मराठवाडा.' 'ज्वलंत प्रश्न' या आपल्या शब्दाचं हे शब्दशः इंग्रजी. इंग्रजीत 'बर्निंग क्वेश्चन' आणि 'बर्निंग इश्यू' चालतात, 'बर्निंग प्रॉब्लेम' कानाला खटकतो. आणि पाण्याच्या टंचाईला 'जळणारा' म्हणणं तर आणखीच विचित्र. आता हे वाक्य बघा: 'इन एप्रिल २०१६, ड्रिंकिंग वॉटर हॅड टु बी ब्रॉट टु लातूर बाय ट्रेन फ्रॉम मिरज, मोअर दॅन ३०० किलोमीटर्स अवे.' यात एकही अलंकारिक शब्द नाही. तरी 'हॅड टु बी ब्रॉट' या चार शब्दांत दुसरा इलाज उरला नव्हता हे सगळं आलं. लातूरला गेलेल्या पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर पाणी होतं. ही माहिती पुढच्या वाक्यात आली की मग खुशाल लिहा, 'द सिटी हॅड रन ड्राय'. आता तो वाक्प्रचार पुराव्यावर उभा आहे. पहिल्या वाक्यात टाकला असता तर नुसता शोभेचा राहिला असता.

तेव्हा सवय अशी लावावी, की आधी घटना सांगावी आणि वजनदार शब्द तिच्या मागून आणावा.

शब्दांचं वजनही सारखं नसतं. 'कन्सर्न' म्हणजे काळजी वाटावी अशी बाब. नुकसान अजून झालेलं असेलच असं नाही. 'प्रॉब्लेम' म्हणजे प्रत्यक्ष अडचण. 'क्रायसिस' म्हणजे प्रसंग अशा टोकाला आलेला, की आता निर्णय घेतला नाही तर परिस्थिती हाताबाहेर जाईल. 'इमर्जन्सी' म्हणजे याच घडीला हालचाल हवी. 'डिझास्टर' आणि 'कॅटास्ट्रफी' म्हणजे मोठं नुकसान होऊन चुकलेलं आहे. दहा वर्षं रेंगाळलेल्या रस्त्याला 'क्रायसिस' म्हणू नका, त्यासाठी 'लाँगस्टँडिंग प्रॉब्लेम' हा साधा आणि खरा शब्द आहे. पहिल्याच परिच्छेदात 'कॅटास्ट्रफी' वापरून टाकलात, तर खरोखर माणसं मेली त्या परिच्छेदासाठी शब्द उरत नाही.

काही शब्दांचं वजन तर मोजून ठरवलेलं आहे. तिथे चूक झाली तर भाषेबरोबर माहितीही चुकते. आपला 'दुष्काळ' हा शब्द इंग्रजीत नेताना दोन वाटा फुटतात: 'ड्रॉट' आणि 'फॅमिन'. पाऊस कमी पडून पिकं आणि पाणी गेलं तर तो 'ड्रॉट'. माणसं उपासमारीनं मोठ्या संख्येनं मरू लागली तर 'फॅमिन'. अन्नसुरक्षेची आंतरराष्ट्रीय वर्गवारी करणाऱ्या यंत्रणा 'फॅमिन' म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासतात. किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची चणचण, किमान ३० टक्के मुलांत तीव्र कुपोषण, आणि दर १०,००० माणसांमागे रोज किमान २ मृत्यू. आपल्या इतिहासातही हा फरक लागू पडतो. १८७६ ते १८७८ मध्ये दख्खनमध्ये जे घडलं तो 'फॅमिन' होता. १९७२ च्या दुष्काळाला इंग्रजीत 'ड्रॉट' म्हणतात. त्या वेळी लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, हाल अपार होते; पण मजुरी मिळत राहिल्यामुळे उपासमारीचं मोठं मृत्यूसत्र टळलं. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळाचा अभ्यास केला तो 'फॅमिन' रोखल्याचं उदाहरण म्हणूनच. एखाद्या विद्यार्थ्यानं 'द फॅमिन ऑफ १९७२' लिहिलं, तर त्या दुष्काळी कामांनी साधलेली गोष्टच तो नकळत पुसून टाकतो.

पावसाचंही तसंच. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'हेवी', ११५.६ पासून 'व्हेरी हेवी' आणि २०४.४ च्या पुढे 'एक्स्ट्रीमली हेवी'. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याला 'अनप्रेसिडेंटेड' म्हणायला हरकत नाही, पण 'फॉर मुंबई' जोडून; चेरापुंजीनं त्याहून मोठे आकडे पाहिले आहेत. 'अनप्रेसिडेंटेड' हा शब्द दरवर्षीच्या तुंबलेल्या पाण्याला लावला की पुरता निकामी होतो. 'हीट वेव्ह'लाही मोजमाप आहे. मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर आणि किनाऱ्यावर ३७ अंशांवर गेल्याशिवाय खातं तिचा विचार करत नाही, आणि सरासरीपेक्षा तो किती चढला तेही बघतं. 'एपिडेमिक' आणि 'पँडेमिक' यांतला फरक तर आपण जगलो आहोत: जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला 'पँडेमिक' म्हटलं ते ११ मार्च २०२० ला, साथ अनेक देशांत पसरल्यावर.

'क्रॉनिक' आणि 'ॲक्यूट' ही जोडी सर्वांत जास्त घोटाळ्याची. दोन्हींचं मराठी आपण 'तीव्र' किंवा 'गंभीर' असं करून मोकळे होतो. 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळ चाललेलं, 'ॲक्यूट' म्हणजे अचानक टोकाला गेलेलं. मेळघाटातल्या कुपोषणावर लिहिताना हा फरक जीवन-मरणाचा आहे. उंचीच्या मानानं वजन फार कमी असणं हे 'ॲक्यूट मालन्यूट्रिशन'; दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या मुलाला तातडीनं उपचार लागतात. वयाच्या मानानं उंचीच खुंटणं हे 'क्रॉनिक', त्यामागे वर्षानुवर्षांची अर्धपोटी अवस्था असते. एकाला उपचार केंद्र हवं, दुसऱ्याला आईच्या गरोदरपणापासूनचं पोषण हवं. शब्द चुकला की मागणीही चुकते.

आता क्रियापदांकडे येऊ. माझ्या मते विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. विशेषणांच्या याद्या पाठ करून फारसं हाती लागत नाही. गंभीर लेखनाची खरी ताकद क्रियापदांत असते, आणि प्रत्येक क्रियापदाचा कर्ता कोण हे ठरलेलं असतं. 'टेक अ टोल ऑन' याचा कर्ता कारण असतं: 'इयर्स ऑफ डेट हॅव टेकन अ हेवी टोल ऑन द फॅमिली.' 'बेअर द ब्रंट ऑफ' याचा कर्ता सोसणारा असतो: 'विमेन बेअर द ब्रंट ऑफ वॉटर शॉर्टेजेस', कारण घागर डोक्यावर त्यांच्याच असते. 'क्लेम'चा कर्ता पूर, अपघात किंवा रोग: 'द लँडस्लाइड क्लेम्ड डझन्स ऑफ लाइव्ज.' 'पोझ अ थ्रेट टु' यात नुकसान अजून व्हायचं आहे. झालेल्या नुकसानीला ते लावू नये. 'स्टेम फ्रॉम' मूळ कारण दाखवतं, 'एक्झॅसर्बेट' आधीच असलेलं दुखणं वाढवतं. कोरडवाहू शेतीतलं कर्ज पावसाच्या लहरीपणातून 'स्टेम' होतं आणि सावकाराच्या व्याजानं 'एक्झॅसर्बेट' होतं. ही दोन क्रियापदं एकमेकांच्या जागी बसली तर कार्यकारणच उलटं होतं.

'रॅम्पंट' आणि 'राइफ' हे फक्त वाईट गोष्टींसाठी, आणि 'राइफ' बहुधा नामाच्या आधी येत नाही: 'करप्शन वॉज राइफ' बरोबर, 'राइफ करप्शन' नाही. 'वाइडस्प्रेड' मात्र चांगल्या-वाईट दोन्हींना चालतो. 'व्हिशस सर्कल' लिहायचं तर वर्तुळ खरोखर पूर्ण होतंय का ते बघा. कर्जामुळे बियाणं उधारीवर, उधारीमुळे कमी भावात विक्री, त्यातून पुन्हा कर्ज. हे झालं वर्तुळ. नुसत्या एकामागून एक आलेल्या संकटांना ते नाव शोभत नाही. 'टिप ऑफ द आइसबर्ग' तेव्हाच, जेव्हा दिसणाऱ्या भागाखाली काय दडलं आहे हे तुम्ही सांगू शकता: नोंदलेल्या तक्रारींमागे न नोंदलेल्या किती आणि का. 'एलिफंट इन द रूम' म्हणजे मोठी समस्या असं अनेकजण धरून चालतात. त्याचा अर्थ, जी गोष्ट सर्वांना दिसते पण कुणीच बोलत नाही ती. ज्या विषयावर रोज अग्रलेख येतात त्याला हा वाक्प्रचार लावता येत नाही.

आपले मराठी वाक्प्रचार इंग्रजीत नेताना काही वेळा वाट सरळ असते. 'डोळेझाक करणे' म्हणजे 'टर्न अ ब्लाइंड आय टु', 'जखमेवर मीठ चोळणे' म्हणजे 'रब सॉल्ट इन्टु द वूंड', 'आगीत तेल ओतणे' म्हणजे 'ॲड फ्युएल टु द फायर', 'युद्धपातळीवर' म्हणजे 'ऑन अ वॉर फुटिंग' (त्यातला 'अ' विसरू नये). पण 'प्रश्न ऐरणीवर आला' याचं 'ऑन द अॅनव्हिल' केलंत तर फसगत ठरलेली. इंग्रजीत, आणि त्यातही मुख्यतः आपल्याकडच्या वृत्तपत्री इंग्रजीत, 'ऑन द अॅनव्हिल' म्हणजे तयार होत असलेलं, लवकरच येऊ घातलेलं: एखादं नवं धोरण, नवा कायदा. प्रश्न ऐरणीवर आला म्हणायचं तर 'द इश्यू हॅज कम टु द फोअर'. 'लोकांना वाऱ्यावर सोडलं' यासाठी वारा इंग्रजीत नेऊ नका, 'वेअर लेफ्ट टु फेंड फॉर देमसेल्व्ज' लिहा. 'पाणी डोक्यावरून गेलं' याला जवळचं 'मॅटर्स हॅव कम टु अ हेड'. 'चव्हाट्यावर आलं' याला 'केम टु लाइट'. मराठी प्रतिमा मनात ठेवून तिच्यामागचा अर्थ इंग्रजीत शोधायचा, एवढंच.

आणखी एका गोष्टीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. काही इंग्रजी शब्द गंभीर गोष्टीला किरकोळ करतात आणि काही पीडित माणसालाच दोषी ठरवतात. रस्त्यात मुलीची छेड काढणं, तिचा पाठलाग करणं, तिला स्पर्श करणं या साऱ्याला आपल्याकडच्या इंग्रजीत वर्षानुवर्षं 'ईव्ह टीझिंग' म्हटलं गेलं. त्यात गुन्हेगार दिसत नाही आणि कृत्य थट्टेसारखं वाटतं. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये लिंगभेदी भाषेविरुद्ध एक मार्गदर्शक पुस्तिका काढली, त्यात या शब्दाऐवजी 'स्ट्रीट सेक्शुअल हॅरॅसमेंट' सुचवलं आहे. परीक्षेत, पत्रात, बातमीत हाच शब्द वापरा.

आत्महत्येबद्दल लिहिताना 'कमिटेड सुइसाइड' टाळावं. 'कमिट' हे क्रियापद इंग्रजीत गुन्ह्याला आणि पापाला लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं आहे. तेव्हा 'डाइड बाय सुइसाइड' हे साधं रूप योग्य. 'सक्सेसफुल' किंवा 'फेल्ड अटेम्प्ट' असंही लिहू नये. विदर्भातल्या शेतकऱ्याबद्दल लिहिताना तर हे दुप्पट जपायला हवं, कारण त्याच्या घरची माणसं ते वाचणार असतात. 'लेपर' म्हणजे कुष्ठरोगी, पण या शब्दाचा इंग्रजीत 'वाळीत टाकलेला' असाही अर्थ रूढ झाला. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं ते याच वाळीत टाकण्याविरुद्ध. आज 'पर्सन अफेक्टेड बाय लेप्रसी' लिहितात. 'हॉकर मेनेस', 'बेगर मेनेस' असे शब्द शहरी लेखनात सर्रास दिसतात. 'मेनेस' म्हणजे धोका, उपद्रव. डासांच्या प्रादुर्भावाला तो लावा, माणसांना लावू नका. २०१४ च्या कायद्यानं फेरीवाल्यांना 'स्ट्रीट व्हेंडर्स' म्हटलं आहे आणि त्यांच्या उपजीविकेचं संरक्षण मान्य केलं आहे. फुटपाथवरच्या गर्दीबद्दल तक्रार जरूर करा, पण कायद्यातल्या शब्दात.

कर्ता लपवणारी वाक्यंही तपासा. 'थ्री वर्कर्स लॉस्ट देअर लाइव्ज व्हाइल क्लीनिंग अ सेप्टिक टँक' हे वाक्य व्याकरणात बरोबर आहे, करुणही आहे. पण संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं बेकायदा आहे. त्यांना कुणीतरी उतरवलं. 'वेअर सेंट डाउन विदाउट प्रोटेक्टिव्ह गिअर' हे शब्द त्यात आले की वाक्य सत्याच्या जवळ जातं. कोणी पाठवलं हे सिद्ध व्हायचं असेल तर 'अलेजेडली' जोडा. आणि न्यायालयाचा निकाल येईपर्यंत 'मर्डर' लिहू नका, 'डेथ' किंवा 'किलिंग' लिहा.

हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. गंभीर प्रश्न इंग्रजीत मांडणारे आपल्याकडे दीडशे वर्षांपासून आहेत. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे इंग्रजीत निवेदन दिलं, त्यातला मुद्दा हिशेबाचा होता: महसूल कष्टकरी रयतेकडून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाकडे जातो. दादाभाई नवरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर लिहिताना माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असा अंदाज काढून दाखवला. त्यांच्या १९०१ च्या ग्रंथाच्या नावात 'पॉव्हर्टी' हा एक साधा शब्द आहे, त्याआधी एकही विशेषण नाही. पंडिता रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं पुस्तक १८८७ मध्ये अमेरिकेत निघालं आणि त्यानं तिथल्या वाचकांना बालविधवांसाठी हात पुढे करायला लावला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या भाषणाच्या नावात 'ॲनायलेशन' हा इंग्रजीतला फार जड शब्द घेतला. मंडळ मजकुराला कचरलं, अधिवेशन रद्द झालं आणि त्यांनी ते भाषण स्वतः छापलं. शीर्षकातल्या त्या शब्दाला आतल्या प्रत्येक पानावर युक्तिवादाचा आधार आहे. जड शब्द पेलायचा कसा, हे शिकायचं असेल तर हे लेखन मूळ इंग्रजीतून वाचावं.

परीक्षा देणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो, त्यात साधारण १००० ते १२०० शब्दांचे दोन निबंध लिहायचे असतात, आणि तो मराठीतही लिहिता येतो. इंग्रजी निवडलंत तर इतक्या लांबीत चार-पाच नेमके वाक्प्रचार पुरेसे आहेत. आयईएलटीएसच्या दुसऱ्या लेखनप्रश्नाला ४० मिनिटांत किमान २५० शब्द लागतात आणि शब्दसंपदेला एक चतुर्थांश वजन आहे. तिथे दोन वाक्प्रचार अचूक जागी आले तरी काम होतं. कोणत्याही विषयाला चिकटवता येणारी पाठ केलेली सुरुवात तपासनीस लगेच ओळखतो.

सराव कसा करावा? पाठांतराची जुनी यादी बाजूला ठेवा. नव्या वहीत प्रत्येक शब्दसमूह पूर्ण वाक्यासकट उतरवा. त्याखाली कर्ता कोण, पुढे कोणतं शब्दयोगी अव्यय येतं, आणि नुकसान झालंय की व्हायचंय, एवढं लिहा. मग आपल्या तालुक्यातली एखादी खरी घटना घेऊन त्याच शब्दसमूहाचं स्वतःचं वाक्य करा. निबंध पूर्ण झाल्यावर सगळे वजनदार शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकापुढे त्याचा आधार मजकुरात कुठे आहे ते बोटानं दाखवा. आधार सापडला नाही तर तो शब्द काढा किंवा आधार मिळवा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे विद्यार्थ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर विनामूल्य आहेत आणि प्रत्येक शब्दाखाली उदाहरणाची वाक्यं देतात. आजच 'टोल' हा शब्द त्यात काढा, त्याखालची सगळी वाक्यं वाचा आणि आपल्या गावाबद्दल एक लिहा.